सिनेमा ज्याच्या गरजेचा

एप्रिल २०१७मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ जाहीर झालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर देशातला सर्वोत्कृष्ट ठरलेला हा पाचवा मराठी चित्रपट. तो थिएटरात लागला ऑक्टोबर महिन्यात. त्याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘अस्तु’ला याहून जास्त थांबावं लागलं होतं. २०१४ साली त्यातल्या भूमिकेसाठी अमृता सुभाषना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा आणि संवादांसाठी सुमित्रा भाव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि चित्रपट प्रेक्षकांसमोर रीतसर आला २०१६च्या जुलैत. त्या प्रदर्शनासाठीही लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्याविषयी बोलताना या तारखा हमखास पुढे येतात आणि त्यांच्यावरून एकच निष्कर्ष काढला जातो: गुणी माणसांची बाजाराने उपेक्षा केली. उपेक्षा झाली हे खरंच आहे. पण एवढ्यावर थांबलं तर भाव्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निसटते. ज्या बाजाराने त्यांना दार उघडलं नाही असं आपण म्हणतो, त्या बाजाराच्या भरवशावर त्यांनी आपला सिनेमा कधी उभाच केला नव्हता. विषय कुठून येणार, पैसा कोण देणार आणि चित्रपट कोण बघणार, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांनी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी शोधली: ज्याला त्या चित्रपटाची गरज आहे, त्याच्याकडे. या पद्धतीने एक बाई, चित्रपटाचं कोणतंही औपचारिक शिक्षण नसताना, तीन दशकांहून अधिक काळ सलग काम करू शकली. डझनाहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट आणि पन्नासावर लघुपट तिच्या आणि सुकथनकरांच्या नावावर जमा झाले. मराठीत स्टुडिओचा किंवा घरच्या पैशाचा आधार नसताना इतकं सातत्य दाखवलेली उदाहरणं फार थोडी आहेत. त्यामुळे तक्रारीचा सूर बाजूला ठेवून ही पद्धत नीट पाहायला हवी.

सुमित्रा भाव्यांचा जन्म १९४३चा, पुण्यातला. शिक्षण फर्ग्युसनमध्ये, मग पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत. काही काळ त्यांनी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्या दिल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं, वस्त्यांमधल्या प्रकल्पांवर काम केलं. ऐंशीच्या दशकात ‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पात त्या झोपडपट्टीत राहणाऱ्या स्त्रियांशी बोलत होत्या. या स्त्रिया स्वतःकडे कशा बघतात हा अभ्यासाचा विषय होता. त्यातून आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचं पुस्तक तयार झालं. गेल ऑम्व्हेट यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८८मध्ये ‘पॅन ऑन फायर’ या नावाने दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केला. समाजशास्त्रज्ञ म्हणून पाहिलं तर काम पूर्ण झालं होतं. पण ज्यांचं आयुष्य त्या कागदांवर उतरलं होतं त्यांतल्या बहुतेकींना ते वाचता येणार नव्हतं. माहिती ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडे ती परत जायला हवी, ही संशोधनातली साधी नैतिक अट आहे. बहुतेक संशोधक ती प्रस्तावनेतल्या आभारांवर भागवतात. भाव्यांनी ती शब्दशः घेतली, आणि वाचता न येणाऱ्या बाईलाही आपली गोष्ट बघता यावी म्हणून १९८५मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला. त्यानंतर दोन वर्षांनी ‘पाणी’ आला. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सुनील सुकथनकर ‘बाई’च्या वेळी सहाय्यक म्हणून आले, पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शनाचं शिक्षण घेऊन परतले आणि अखेरपर्यंत बरोबर राहिले.

या सुरुवातीतून पुढच्या सगळ्या निर्मितीचा क्रम ठरून गेला. रूढ चित्रपटव्यवसायात आधी नट ठरतो किंवा भांडवल ठरतं, मग कथा बसवली जाते आणि प्रेक्षक शेवटी, जाहिरातीच्या जोरावर गोळा केला जातो. भाव्यांच्या कामात प्रेक्षक आधीपासून ठाऊक होता. आपल्या घरात स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आहे आणि त्याविषयी बोलायची सोय नाही, असं कुटुंब. अंगावर कोड असल्यामुळे जिचं लग्न मोडतं अशी मुलगी. ‘फ’ तुकडीत टाकलेला आणि म्हणून आपोआप वाया गेलेला समजला जाणारा विद्यार्थी. ‘देवराई’, ‘नितळ’, ‘दहावी फ’ हे चित्रपट अशा माणसांपासून सुरू झाले. कोडावरचा चित्रपट व्हावा असं सर्वांत आधी कोडासंबंधी काम करणाऱ्यांनाच वाटणार, स्किझोफ्रेनियाविषयी समाजाने काही पाहावं असं त्या आजाराशी रोज झुंजणाऱ्यांनाच वाटणार, आणि पैशाची जुळवाजुळवही तिथूनच होणार. रक्कम मोठी नसते. पण ती देणारा पहिल्या आठवड्याच्या गल्ल्याकडे डोळे लावून बसलेला नसतो, आणि आपण दिलेल्या पैशांचं काय झालं हे तो स्वतः चित्रपट बघून ठरवतो.

पहिला मोठा चित्रपट अर्थात असा झाला नाही. १९९५चा ‘दोघी’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशातून उभा राहिला. नव्वदच्या दशकात मराठी चित्रपटाची अवस्था वाईट होती. विनोदी चित्रपटांची लाट ओसरत चालली होती, घरोघरी केबल आली होती आणि वेगळा विषय घेऊन येणाऱ्याला निर्माता मिळणं दुरापास्त होतं. अशा वेळी महामंडळ हा जवळपास एकमेव सरळ रस्ता होता. ‘दोघी’त लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात मरतो, धक्क्याने वडील अंथरुणाला खिळतात आणि थोरली गौरी गावाच्या लेखी अपशकुनी ठरते. मामा तिला मुंबईला नेतो. तिथे ती काय काम करते हे घरात कुणी उच्चारत नाही, पण तिच्याकडून येणाऱ्या पैशांवर चूल पेटत राहते. पुढे ती गावी परत येते, तेव्हा तिच्या पैशाला जागा देणाऱ्या त्या घरात तिला स्वतःला जागा नसते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांनी या बहिणी केल्या, गाणी ना. धों. महानोरांची होती आणि संगीत आनंद मोडकांचं. चित्रपटाला सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथवरची वाट समांतर सिनेमाच्या कोणत्याही दिग्दर्शकाची असू शकली असती. वेगळेपण त्यानंतरचं आहे. सरकारी महामंडळाचा झरा आटत गेला तसे देशभरचे अनेक समांतर दिग्दर्शक एक तर थांबले किंवा दूरचित्रवाणीकडे वळले. भाव्यांचा वेग मात्र त्या काळात वाढला. १९९७मध्ये एड्सवरचा हिंदी ‘जिंदगी जिंदाबाद’, २००२मध्ये ‘वास्तुपुरुष’ आणि ‘दहावी फ’, २००४मध्ये ‘देवराई’, २००६मध्ये ‘नितळ’ आणि ‘बाधा’. सरकारी आधार कमी होत असताना ही यादी लांबत जाते, याचं स्पष्टीकरण केवळ जिद्दीत सापडणार नाही. समाजकार्याच्या क्षेत्रात वीस वर्षं काढल्यामुळे गरज कुठे आहे आणि ती कोणाला जाणवते आहे, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. तो इतर दिग्दर्शकांकडे नव्हता.

प्रेक्षकाच्या गरजेतून पैसा उभा करण्याचे प्रयोग भारतात याआधी झाले होते. श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या सहकारी दूध संघांच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि १९७६मध्ये त्यांच्याच आयुष्याची गोष्ट पडद्यावर आली. केरळात जॉन अब्राहम यांनी ‘ओडेसा’ हा गट जमवून गावोगाव चित्रपट दाखवले, लोकांकडून जमेल तशा देणग्या घेतल्या आणि १९८६मध्ये ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला. दोन्ही उदाहरणं थोर आहेत, पण दोन्ही एकेकदाच घडली. ‘मंथन’च्या मागे दूध संघांची अवाढव्य रचना तयार होती आणि ती त्या एका विषयापुरती उपयोगी होती. ‘अम्मा अरियान’च्या मागे जॉनचं झपाटलेपण होतं. १९८७मध्ये ते गेले आणि त्या वाटेने त्यांचा दुसरा चित्रपट झाला नाही. भाव्यांनी लाखो लोकांकडे हात पसरला नाही आणि जनआंदोलनाची भाषाही फारशी वापरली नाही. दर खेपेला एक लहान वर्तुळ शोधायचं, त्या वर्तुळाच्या ऐपतीत बसेल एवढाच चित्रपट आखायचा, तो पुरा करायचा आणि पुढच्या वर्तुळाकडे जायचं. यात नाट्य कमी आहे. पण पुन्हा पुन्हा करता येईल अशी ही एकच रीत होती, आणि कारकीर्द घडायची तर पुन्हा पुन्हा करता येण्यालाच महत्त्व असतं.

ऐपतीत बसवणं म्हणजे काय, हे त्यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दिसतं. कथा, पटकथा, संवाद भाव्यांचे. कलादिग्दर्शन आणि वेशभूषाही पुष्कळदा त्यांचीच. गाणी सुकथनकरांची. नटमंडळी एका कुटुंबासारखी परत परत येणारी: उत्तरा बावकर, मोहन आगाशे, देविका दफ्तरदार, अतुल कुलकर्णी, किशोर कदम, अमृता सुभाष. निर्मितिसंस्थेचं नाव ‘विचित्र निर्मिती’. खर्च वाचवण्याचा हेतू यात होताच, त्याबद्दल संकोच वाटण्याचं कारण नाही. पण घराच्या भिंतीचा रंग, फडताळातली भांडी आणि बाईच्या अंगावरचं लुगडं ठरवणारी व्यक्ती आणि त्या बाईचं वाक्य लिहिणारी व्यक्ती एकच असली, की पडद्यावर एक घट्टपणा येतो. ‘वास्तुपुरुष’मधला देशपांड्यांचा वाडा हे त्याचं उत्तम उदाहरण. कूळकायद्यानंतर जमिनी गेल्या, तरी वतनदारीची सवय सुटत नाही असं हे घर. वाड्यात कुठेतरी पुरलेलं धन सापडेल या आशेवर पुरुष जगतात, आणि आई मुलाला डॉक्टर करून या घराने इतरांचं जे घेतलं ते फेडायला लावायचं ठरवते. वाडा इथे पार्श्वभूमीपुरता उरत नाही, प्रत्येक माणसाच्या वागण्याला तो कारण पुरवतो. अशा घराच्या आतल्या अर्थव्यवस्थेची इतकी बारीक जाण समाजशास्त्राच्या अभ्यासातून आली हे उघड आहे, आणि ती भिंती-भांड्यांतून दाखवता आली ती सगळे धागे एका हातात असल्यामुळे.

या पद्धतीवरचा सगळ्यांत जुना आणि वजनदार आक्षेप असा: गरजेतून पैसा आला की चित्रपट त्या गरजेचा नोकर होतो. ‘विषयाधारित’ हे विशेषण मराठी समीक्षेत भाव्यांच्या चित्रपटांना इतक्यांदा लावलं गेलं आहे की ते निम्मं कौतुक आणि निम्मी हेटाळणी झालं आहे. एड्सवरचा, कोडावरचा, स्मृतिभ्रंशावरचा, नैराश्यावरचा चित्रपट, अशी आजारांची यादी करून कारकीर्द मोजली जाते. या आक्षेपात तथ्य आहे. भाव्यांची पात्रं कधी कधी गरजेपेक्षा जास्त समजूतदारपणे बोलतात. दोन माणसं एकमेकांशी बोलत असताना त्यांच्या खांद्यावरून प्रेक्षकाला माहिती दिली जाते आहे, असं ‘नितळ’मध्ये आणि अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवरच्या ‘हा भारत माझा’मध्ये जाणवतं. नातेवाइकांना आजार समजावून सांगण्याची निकड दिग्दर्शिकेला थांबू देत नाही. हे दोष आहेत आणि ते पद्धतीतूनच आले आहेत. पण ही पद्धत दोषच देते, तिच्यातून कलाकृती निपजूच शकत नाही, असं म्हणायचं असेल तर ‘अस्तु’ आणि ‘कासव’ यांच्याशी सामना करावा लागतो.

‘अस्तु’तले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे प्रकांड पंडित आहेत आणि त्यांची स्मृती हरवत चालली आहे. मुलगी त्यांना मोटारीत बसवून काही कामासाठी उतरते. रस्त्यावरून एक हत्ती जातो. म्हातारा मोटारीतून उतरतो आणि हत्तीच्या मागे चालू लागतो. पुढे शहर त्यांना शोधत राहतं आणि ते माहुताच्या पालात पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी-मराठी मिसळून बोलणारी, पोटापाण्याची भ्रांत असलेली. हा ओझ्यासारखा अंगावर पडलेला म्हातारा कोण, हे तिला ठाऊक नाही, आणि त्यालाही नाही. तो तिला आई समजतो. ती त्याला भरवते, धुते, रागावते, झोपवते. इथे चित्रपट आजारापासून फार दूर निघून आलेला असतो. शास्त्रीबुवांच्या घरचे त्यांना त्यांच्या विद्वत्तेसकट ओळखतात, म्हणून ती विद्वत्ता गळून पडताना त्यांना माणूसच गळून पडताना दिसतो. चन्नम्माने तो विद्वान कधी पाहिलाच नाही. तिच्या लेखी समोर आहे ते एक भुकेलं, भ्यालेलं मूल, आणि मुलाला सांभाळायचं असतं. स्मृती गेल्यावर माणसात काय उरतं, या प्रश्नाचं उत्तर तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचलेल्या माणसांकडून काढून घेऊन पालातल्या बाईच्या हाती देणं, ही आरोग्यशिक्षणाच्या माहितीपत्रकाची चाल नव्हे. मला तर इथे ‘स्त्रीवाणी’च्या वेळची समाजशास्त्रज्ञ पुन्हा भेटते. ज्याला आपण शिकवायला जातो त्याला आपल्याआधी काहीतरी कळलेलं असू शकतं, हे तिने वस्त्यांमध्ये बसून ऐकलं होतं. अमृता सुभाष यांनी चन्नम्मा कुठलाही त्यागाचा आव न आणता केली म्हणून हा सगळा विचार पडद्यावर हलका राहतो.

‘कासव’ आणखी एक पाऊल पुढे जातो. जीव द्यायचा प्रयत्न केलेला एक तरुण इस्पितळातून पळून तापात भटकत असतो. स्वतः नैराश्यातून सावरत असलेली जानकी त्याला आपल्या कोकणातल्या घरी आणते, जिथे दत्ताभाऊ समुद्रकासवांची अंडी जपण्याचं काम करत असतात. जानकी त्याला काही विचारत नाही. नाव नाही, गाव नाही, असं का केलंस हे तर नाहीच. घरातल्या बाकीच्यांनाही ती विचारू देत नाही. ‘देवराई’पासून इथपर्यंत आलं की पद्धत किती पिकली ते कळतं. नैराश्यावरच्या चित्रपटाने नैराश्याची कारणं सांगावीत ही अपेक्षा इथे मुद्दाम नाकारली आहे, आणि हा नकारच या आजाराविषयीची सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे. आत्महत्येच्या विचारातून परतलेल्या मुलाच्या आईबापांना ‘हल्ली का बोलत नाहीस’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारावासा वाटतो. तो न विचारता सोबत कशी करायची, ते दीड-दोन तास डोळ्यांनी बघणं आणि तसा सल्ला ऐकणं यात पुष्कळ अंतर आहे. उपयोग आणि कला एकमेकींच्या विरुद्ध उभ्या असतात हे गृहीतक ‘कासव’पुढे टिकत नाही, कारण त्यातलं सगळ्यांत कलात्म मौन तेच त्यातलं सगळ्यांत उपयोगी मौन आहे.

विषय नेहमी आजारच असायचा असंही नाही. २००९च्या ‘एक कप च्या’मधला एसटीचा कंडक्टर काशिनाथ सावंत याच्या घरी विजेचं बिल येतं ७३,००० रुपयांचं. दोन दिवे आणि पंख्याच्या घराला. तो कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो, आणि मग माहितीचा अधिकार नावाचा कायदा असतो हे त्याला कळतं. अर्ज कसा लिहायचा, शुल्क किती, उत्तर किती दिवसांत, हे सगळं चित्रपटात येतं. सांगायला हे शुष्क वाटेल. पण किशोर कदमांचा काशिनाथ अर्ज लिहायला बसतो तेव्हा आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून देणारा माणूस पहिल्यांदा व्यवस्थेकडून पावती मागत असतो, आणि नागरिक असणं म्हणजे काय हे कुठल्याही भाषणाविना कळतं.

दुसरा आक्षेप प्रेक्षकसंख्येचा. चित्रपट फारसा कोणी बघितलाच नाही तर गरजेच्या गोष्टी कशाला करायच्या? भाव्यांचे बहुतेक चित्रपट थिएटरात फार टिकले नाहीत हे नाकारण्यात अर्थ नाही. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळी खेळ मिळावा म्हणून राज्य शासनाने २०१५मध्ये आग्रह धरला. पण खेळ मिळणं आणि शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत प्रेक्षक येणं वेगळं. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्या घरातला माणूस शनिवारी संध्याकाळी पॉपकॉर्न घेऊन ‘अस्तु’ बघायला जाणार नाही. रुग्णाला कोणाकडे ठेवायचं इथपासून त्याची अडचण असते. तो चित्रपट त्याला सहा महिन्यांनी, कोणीतरी हात धरून, एखाद्या सभागृहात दाखवावा लागतो आणि नंतर त्याच्याशी बोलावंही लागतं. डॉ. मोहन आगाशे यांनी नेमकं हेच केलं. ते मनोविकारतज्ज्ञ, फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी संचालक, या चित्रपटांतले नट आणि ‘अस्तु’-‘कासव’च्या निर्मात्यांपैकी एक. त्यांनी हे चित्रपट महाविद्यालयांत, संस्थांमध्ये, डॉक्टरांच्या आणि कुटुंबीयांच्या मेळाव्यांत नेले, प्रत्येक खेळानंतर चर्चा घेतली. अशा प्रेक्षकांची नोंद कुठल्याही गल्ल्याच्या तक्त्यात होत नाही. तेव्हा ‘कोणी पाहिला नाही’ हे विधान करण्याआधी कोण मोजत होतं आणि किती दिवस मोजत होतं, हे विचारायला हवं. थिएटरातला पहिला आठवडा हे मोजमाप ज्या चित्रपटांसाठी तयार झालं, त्यांना ते लागू पडतं. मात्र इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. सभागृहातल्या खेळांतून येणारा पैसा पुढचा चित्रपट उभा करायला पुरत नाही. प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागली आणि त्याची किंमत भाव्यांनी आणि सुकथनकरांनी अंगावर काढली.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. महामंडळ, न्यास, संस्था, डॉक्टर मित्र, राष्ट्रीय पुरस्कार: इतक्या आधारांवर चाललेल्या कामाला स्वतंत्र का म्हणायचं? माझ्या मते स्वातंत्र्याची कसोटी पैसा कोणाचा यापेक्षा शेवट कोण ठरवतो इथे लावली पाहिजे. २०१३च्या ‘संहिता’ला सुभाष घईंच्या मुक्ता आर्ट्सचा हात होता, म्हणजे हिंदी व्यवसायातल्या एका मोठ्या बॅनरचा. आणि तो चित्रपट आहे पटकथा लिहिताना कथेच्या शेवटाशी झगडणाऱ्या एका स्त्रीविषयी! पैसा मोठ्या घरातून आला तरी रचना तशीच गुंतागुंतीची राहिली, गाणी शास्त्रीय संगीतातलीच राहिली, आणि त्याच गाण्यांसाठी शैलेंद्र बर्वे आणि आरती अंकलीकर-टिकेकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. उलट बाजूने पाहिलं तर ज्या संस्थांनी आजारांवरच्या चित्रपटांना मदत केली त्यांना आशादायी, औषध घेतलं की बरं होतं असा शेवट हवासा वाटणं स्वाभाविक होतं. ‘देवराई’ तसा शेवट देत नाही. अनेक लहान आधार असण्याचा हा फायदा असतो: त्यातला कुठलाही एक इतका मोठा नसतो की त्याने संहितेवर हात ठेवावा. मराठीत २००७नंतर चित्रपटांसाठी खास वाहिनी आली, सॅटेलाइट हक्कांना भाव चढला आणि कितीतरी नव्या निर्मात्यांनी त्या एका खरेदीदाराच्या अपेक्षेवर आपले चित्रपट बेतले. पुढे तो भाव उतरला तेव्हा ते निर्मातेही दिसेनासे झाले. एका मोठ्या धन्यावर विसंबणं कागदोपत्री व्यवसाय दिसतं आणि दहा लहान माणसांकडे जाणं याचना दिसते, पण कारकीर्द कोणाची टिकली हे आपल्यासमोर आहे.

पद्धतीतली खरी उणीव या तिन्ही आक्षेपांबाहेर आहे. ती व्यक्तीवर उभी होती. गरज ओळखणारी नजर भाव्यांची, माणसं जोडण्याची हातोटी भाव्यांची, आणि नंतरच्या काळात आगाशे यांच्यासारख्या एका माणसाची अथक पायपीट. यातून कुठली वितरणसंस्था उभी राहिली नाही, चित्रपट दाखवणाऱ्या सभागृहांची साखळी बांधली गेली नाही. दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनांसि आले’ या कथेवरचा ‘दिठी’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. पुरात मुलगा गमावलेल्या रामजी लोहाराची, तीस वर्षं वारी केलेल्या माणसाच्या मोडलेल्या श्रद्धेची ती गोष्ट. आजार नाही, संस्था नाही, कायदा नाही. भाव्यांना स्वतःला हवी होती म्हणून केलेली. १९ एप्रिल २०२१ला पुण्यात त्यांचं निधन झालं आणि महिनाभराने, २१ मे रोजी, ‘दिठी’ सोनी लिव्हवर आला. टाळेबंदीत थिएटरं बंद होती, तेव्हा तो घरोघरी पोहोचला हे चांगलंच झालं. पण ओटीटीच्या व्यवहारात हक्क ठरावीक मुदतीचे असतात आणि चित्रपट कधी यादीतून निघून जाईल हे प्रेक्षकाला कळत नाही. शिवाय वारकऱ्यांविषयीचा चित्रपट वारकऱ्यांसमोर मांडून बसण्याची जी रीत ‘बाई’पासून चालत आली, तिला मोबाइलच्या पडद्यावर एकट्याने पाहणं हा पर्याय होत नाही.

सुकथनकरांनी काम थांबवलेलं नाही. २०२४मध्ये त्यांनी शर्मिला टागोर आणि आगाशे यांना घेऊन ‘आऊटहाऊस’ केला. जुन्या चित्रपटांचं काय, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो एकट्या दिग्दर्शकाने सोडवण्याचा नाही. २०२२मध्ये केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, चित्रपट महोत्सव संचालनालय आणि बालचित्र समिती हे सगळं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन केलं. म्हणजे ज्या महामंडळाने ‘दोघी’ला पैसे दिले, त्याच्याकडेच आता चित्रपट जतन करण्याचं आणि दाखवण्याचं कामही आलं आहे. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं नाट्यगृह आहे, आणि मधल्या वारी त्यातली बरीच रिकामी असतात. प्रत्येक जिल्ह्यात शासकीय रुग्णालय आहे, शाळा आहेत, बचतगट आहेत. ‘अस्तु’ रुग्णांच्या नातेवाइकांना, ‘दहावी फ’ शिक्षकांना आणि ‘एक कप च्या’ तलाठी कार्यालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला दाखवण्यासाठी नवा चित्रपट काढावा लागणार नाही, नवी इमारतही बांधावी लागणार नाही. हक्क कोणाकडे आहेत ते पाहून त्यांचा मोबदला द्यावा लागेल, चांगली प्रत लागेल, आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांशी बोलायला बसणारा एक माणूस लागेल. पहिल्या दोन गोष्टी शासनाने कराव्यात. तिसरी भावे-सुकथनकर-आगाशे यांनी इतकी वर्षं स्वतः केली आहे, आणि ती कशी करायची हे त्यांच्याबरोबर काम केलेल्या कितीतरी जणांना माहीत आहे.